तिसरा रेणू

सुनेने चंबूतला मधासारखा दाट द्रव गार मिथेनॉलमध्ये ओतला आणि बघता बघता पांढरेशुभ्र धागे तरंगू लागले. पर्स मांडीवर घट्ट धरून स्टुलावर बसलेल्या सासूबाई नकळत उठून उभ्या राहिल्या.

त्या सुनेला न्यायला आल्या होत्या. मुलाची दुसऱ्या शहरात बदली झाली होती आणि सून तिकडे जायला तयार नव्हती. "ती माझं ऐकत नाही, तूच समजाव," म्हणत त्याने हे लोढणं आईच्या गळ्यात बांधलं होतं. सून घरी सापडेना, म्हणून त्या थेट प्रयोगशाळेत येऊन बसल्या होत्या.

"हे कशासाठी गं?"

"भाजलेल्या जखमेवरच्या पट्टीसाठी. तीन प्रकारचे रेणू एकाच साखळीत ओवायचेत. एक ताकद देतो, एक ओलावा धरतो. तिसऱ्यामुळे पट्टी चिकटत नाही, काढताना माणूस कळवळत नाही."

दुसऱ्या दिवशी सासूबाई पुन्हा आल्या. वाळवलेल्या नमुन्याच्या आलेखात दोनच उंचवटे पाहून सून हसली.

"दोघेच आलेत. तिसऱ्याने दांडी मारली."

"आणि हसतेस काय? मेहनत पाण्यात गेली ना!"

"कुठे अडलं ते कळलं, आई. ते दोघे चपळ, एकमेकांना धरून मोकळे होतात. हा पडला सुस्त. आता त्या दोघांना थेंबाथेंबाने सोडते, म्हणजे याचाही नंबर लागेल."

घरी दूध हमखास उतू घालवणारी ही मुलगी दिवसभर त्या थेंबांवरून नजर हलवत नव्हती. सासूबाईंनी तिच्या हाताशी पाण्याचा पेला ठेवला. तोही तसाच राहिला.

नव्या आलेखात तिसरा उंचवटा दिसला. लहानसा, पण स्पष्ट.

"आला की गं!"

"थांबा. नुसता मिसळला असेल तर धुतल्यावर जाईल."

तिने नमुना धुतला, पुन्हा धुतला, वाळवून पुन्हा तपासला. उंचवटा जागचा हलला नाही. तेव्हा कुठे ती खुर्चीत टेकली.

"आई, तुम्हाला काहीतरी बोलायचं होतं ना?"

"हो, आलेच." सासूबाई फोन घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या.

"काय म्हणाली ती?" मुलाने अधीरपणे विचारलं.

"तिला विचारलंच नाही मी."

"मग?"

"मग काय! परत इकडे बदली मिळते का, ते तुझ्या साहेबांना विचार."

पलीकडून काही उत्तर येण्याआधीच त्यांनी फोन ठेवला आणि आत येऊन स्टूल सुनेजवळ ओढलं.

"हं, आता पुढे काय करायचं असतं?"