वाघेरा घाटातला फणस

"मास्तर, ह्यो फणस हललाय."

लंकाबाईने दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले आणि खाली पडलेल्या, फणसाएवढ्या गोल गोणपाटाच्या गठुड्याकडे बोट दाखवले. एक्क्याऐंशी सालचा मे महिना होता, बाजाराचा दिवस होता, आणि हरसूलहून निघालेल्या नाशिक गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंडक्टर सहादू पगारे तिकिटांची पेटी पोटाशी धरून गर्दीतून वाट काढत मागे आला होता.

"आजी, गाडी हलते, मग फणस नाही का हलणार?"

"गाडी हालती तवा मीबी हालते. ह्यो गाडी हुबी व्हती तवा हालला. आन् उसासाबी टाकला."

आजूबाजूचे लोक हसले. सहादूही हसला. पण म्हातारीचे पाय काही खाली येईनात, म्हणून तो वाकला आणि त्याने गठुड्यावर हात ठेवला. ठेवला तसाच मागे घेतला. गठुडे गरम होते. उन्हाने तापते तसे नाही. आजारी लेकराचे पोट लागते तसे.

गोणपाटाचे तोंड सुतळीने शिवलेले होते. सहादूने कानामागची पेन्सिल काढली आणि टोकाने दोन टाके उसवले. आत तपकिरी खवले होते, अंगठ्याएवढे, घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले. तो बघत असतानाच ते खवले सावकाश वर आले आणि सावकाश खाली गेले.

लंकाबाईने वाकून पाहिले. "अगं बया! खवल्या मांजर हाय ह्यो. माझ्या सासऱ्यानं डोंगराला दावला व्हता एकदा. भ्याला का आसाच गोल व्हतो. जित्ता हाय का रं?"

"आहे," सहादू म्हणाला. 

सहादूला एसटीत अठरा वर्षे झाली होती. डेपोत त्याला 'गरीब गाय' म्हणत. तो कुणाशी भांडत नसे. प्रवाशाने सुट्टे नाहीत म्हणून आरडाओरडा केला, तरी हा मान खाली घालून पेटीत बोटे फिरवत राही. बायको सगुणा म्हणायची, "अहो, तुमच्या तोंडाला काय तिकीट लावलंय का?" त्यावरही तो हसायचा. त्या वर्षी गाडी उशिरा आणल्याचे दोन मेमो त्याच्या नावावर पडले होते. चूक रस्त्याची होती, पण तेही त्याने कुणाला सांगितले नव्हते.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनात घर करून होती. नोकरीला लागला तेव्हा याच गाडीच्या टपावरून कातड्यांच्या गठड्या नाशिकला जात. बिबट्याची कातडी, मीठ लावून घडी घातलेली. सहादू गठडी मोजायचा आणि लगेजचे तिकीट फाडायचा. एकदा एका गठडीतून बारकी, मांजराच्या पिल्लाएवढी कातडी लोंबत होती. ती त्याने स्वतःच्या हाताने आत खोचली होती. पुढे बहात्तर साली कायदा आला आणि गठड्या दिसेनाशा झाल्या. पण तोवर घाटात संध्याकाळी बसच्या उजेडात चमकणारे डोळेही दिसेनासे झाले होते. वाघेऱ्याच्या नावातला वाघ तर आधीच गेला होता. आपण फाडलेल्या तिकिटांवर अर्धे रान शहरात गेले, असे सहादूला कधीकधी वाटायचे. कुणाला सांगण्यासारखे ते नव्हते.

"सामान कुणाचं आहे?" त्याने घंटीची दोरी ओढून गाडी थांबवली आणि विचारले.

 गठुड्याशेजारी दाराला टेकून एक वाळका माणूस बसला होता. बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, पाय अनवाणी. त्याचे नाव रावजी. घाटाअलीकडच्या पाड्यावर राहायचा, कधीमधी गाडीला असायचा. त्याने मान खाली घातली. सहादूला आठवले, याचे तिकीट याने काढलेच नव्हते. पुढच्या सीटवरच्या सफारीवाल्याने काढले होते. 'दोन फुल नाशिक. एक मी, एक तो मागं बसलाय.'

सफारीवाला तोवर उठून मागे आलाच. राखी रंगाची सफारी, हातात चामड्याची पिशवी. दोन महिन्यांत सहादू त्याला तिसऱ्यांदा पाहत होता.

"काय भाऊ, काय झालं? फणस आहे तो. लगेज लावा, वर चहापाण्याचं घ्या आणि गाडी पळवा. लोकांना उन्हात कशाला ताटकळवता?" त्याने घडी केलेली नोट पुढे केली.

सहादूने नोटेकडे पाहिले नाही.  ओरडणे त्याला जमणार नव्हते, झोंबाझोंबी तर नाहीच नाही. अठरा वर्षांत त्याला एकच गोष्ट नीट येत होती. त्याने वही उघडली आणि पेन्सिल टेकवली.

"लगेज लावतो ना. नाव सांगा."

"कुणाचं?"

"तुमचं. सामान तुमचं आहे ना? नाव, गाव, आत काय आहे ते. लिहून घेतो आणि इथं सही करा."

सफारीवाल्याचा हात तसाच राहिला.  

"माझं कशाला असेल? मी आपलं सगळ्यांची खोटी होतेय म्हणून बोललो."

"बरं. रावजी, तुझं आहे?"

रावजीने वर पाहिले. आधी सफारीवाल्याकडे, मग लंकाबाईकडे, मग गठुड्याकडे. "नाय," तो हळूच म्हणाला. "माझं नाय."

"आणखी कुणाचं?" सहादूने सगळ्या गाडीला विचारले.  त्याने वहीत लिहिले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचले, "मालक नाही. सामान बेवारस. वाहकाने ताब्यात घेतले."

"शाब्बास मास्तर!" मागून कुणीतरी म्हणाले.

सफारीवाल्याने आवाज खाली आणला. "बेवारस सामान डेपोत जमा होतं ना? करा जमा. तिथून सोडवायला मला किती वेळ लागतो ते बघा."

ते खरे होते, आणि सहादूला ठाऊक होते. डेपोतल्या पत्र्याच्या खोलीत सामान दोन-दोन दिवस पडून राही. तोवर हे जनावर तगणार नव्हते. घाटाच्या पलीकडच्या तोंडाशी वनखात्याचा नाका होता, पण तिथे गाडीला थांबा नव्हता. तो माणसे सारत ड्रायव्हरपाशी गेला. ड्रायव्हर केरू दांडगा गडी होता, वेळेचा पक्का. त्याने आरशातून सगळे पाहिले होते.

"केरू, नाक्यावर घे गाडी."

"तिथं स्टॉप नाही. पंचनामा म्हणजे तासाची खोटी. सहादू, तिसरा मेमो निघाला तर घरी बसवतील तुला."

"बसवू दे."

केरूने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिले. पंधरा वर्षे दोघे एका गाडीवर होते आणि असे काही त्याने सहादूच्या तोंडून ऐकले नव्हते. "बसवू दे म्हणतोस? मग धर घट्ट," असे म्हणून त्याने गियर टाकला.

नाक्यावर वनरक्षक झुंबर भोये बाजेवर आडवा झाला होता. सगळी बस आपल्या दारात उभी राहिलेली पाहून तो दचकून उठला आणि त्याने टोपी शोधायला सुरुवात केली.

"साहेब नाशिकला गेलेत. सोमवारी आणा ना."

"सोमवारपर्यंत ते मरेल," सहादू म्हणाला. "तुम्ही ताब्यात घ्या आणि मला पोच द्या. पोच घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही."

"आम्हीबी नाय हलणार," लंकाबाई खिडकीतून ओरडली.

झुंबरने गठुडे सावलीत नेले, गोणपाट पुरते उसवले, आणि त्याचा चेहराच बदलला. तो गुडघ्यावर बसला. "आठ वर्षं झाली मला या खात्यात," तो म्हणाला, "जिवंत पहिल्यांदा बघतोय. नुसते खवलेच सापडायचे, पोत्यात भरलेले. मुंबईला जातात म्हणे, तिथून बाहेरच्या देशात." त्याने मडक्यातले पाणी ओंजळीने त्या गोळ्यावर शिंपडले. गोळा आणखी घट्ट झाला.

पंचनाम्यावर सहादूने सही केली, केरूने केली, लंकाबाईने अंगठा उठवला. या गडबडीत सफारीवाला रस्त्यावर गेला, खाली उतरणाऱ्या एका जीपला हात केला आणि निघूनही गेला. कुणी त्याला अडवले नाही. सहादूला ते लागले, पण धावून जाऊन धरावे असा तो नव्हताच.

रावजी मात्र गेला नाही. सगळे गाडीत चढले तरी तो त्या गोळ्याशेजारी उकिडवा बसून राहिला.

"भाऊ, त्याला जोरानं उघडू नका," तो झुंबरला म्हणाला. "पोटाशी पिल्लू हाय."

"तुला काय माहीत?"

 रावजी एकदम बोलू लागला. "मीच खांदून काढला. तो गाडीतला सायेब म्हणला, दवाई कराया पाहिजे, मी आणला. बिळात हात घातला तं पिल्लाला पोटाशी घेऊन गोल झाली. लय वढलं, सोडीना. पोत्यात घातली तरी सोडीना. सकाळधरनं मला पाणी ग्वाड लागंना." त्याने नाक पुसले. "बीळ ठाव हाय मला. मी दावतो. त्याचं गोडाऊनबी दावतो. मग मला काय करायचं ते करा."

झुंबरने वही पुन्हा उघडली. आणि सहादूने पोच खिशात घालून दोरी ओढली.

नाशिकला गाडी एक तास दहा मिनिटे उशिरा पोचली. कंट्रोलरने मेमोचा कागद पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात सहादूने खरे तेच लिहिले. कंट्रोलरने ते वाचले, पुन्हा वाचले. "खवल्या मांजर? बसमध्ये? पगारे, तुम्ही?"

"हो साहेब. पोच जोडली आहे."

"मेमो तर निघणार." त्याने कागद फाईलला लावला आणि चष्म्यावरून पाहिले. "पण घरी नाही बसवत कुणी तुम्हाला. जा, जेवून घ्या."

सहादूने कॅन्टीनच्या बाकावर सगुणेने दिलेली भाकरी फडक्यातून सोडली. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणी उचलून नेल्यासारखे त्याला वाटत होते. दोन्ही भाकरी त्याने संपवल्या आणि केरूच्या डब्यातली अर्धी मागून घेतली.

साडेचारची परतीची गाडी नाक्यापाशी आली तेव्हा कुणी सांगितले नसताना केरूने ब्रेक लावला. झुंबर आणि रावजी रस्त्याच्या कडेला उभे होते. मध्ये वेताची मोठी पाटी, वर ओला गोणपाट.

"नाशिकहून साहेबांचा निरोप आला," झुंबर म्हणाला. "सोडून द्या म्हणाले. अंधाराच्या आत पोचायला दुसरी गाडी नाही. घेता का आम्हाला?"

"या," सहादू म्हणाला. त्याने दोघांची तिकिटे फाडली. पाटीचे लगेज मात्र लावले नाही. तिकिटाचा एवढा एकच नियम त्याने त्या दिवशी मोडला.

घाट संपून चारेक मैल गेल्यावर रावजीने हात केला. गाडी थांबली. सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. रस्ता तिथे मुरुमाचा होता. मोसमी पाऊस यायचा असल्यामुळे फुफाटा घोट्याएवढा साचलेला. उजव्या हाताला कारवीची वाळकी झुडपे, वारुळे, आणि चढावर रावजीने सकाळी उकरलेले बीळ.

पाटी खाली ठेवली. सगळे मागे सरले. बसमधले तीस-चाळीस लोक खिडक्यांना चेहरे लावून बसले होते. कुणीतरी विडी पेटवायला काडी ओढली, तर बाजूच्याने ती फुंकून विझवली.

बराच वेळ काही झाले नाही. सहादूला भीती वाटली की दिवसभराच्या उन्हाने काम केलेच शेवटी. तेवढ्यात खवल्यांची एक कड हलली. गोळा थोडा सैल झाला, आणि फटीतून एक लांबट, बारीक तोंड बाहेर आले. ते हवेत इकडेतिकडे फिरले. मग गोळा उलगडत गेला, उलगडत गेला, आणि पोटाच्या मऊ कातडीला चिकटलेले, फिक्या खवल्यांचे, वीतभर पिल्लू दिसले. त्याने डोळे मिचकावले.

"जित्तं हाय," रावजी म्हणाला, आणि तोंडावर हात घेऊन खाली बसला.

आई बिळाकडे वळली नाही. उकरलेल्या त्या घरावर तिचा भरवसा उरला नसावा. पुढचे पंजे आखडून, पाठीत वाकलेल्या म्हातारीसारखी ती चालू लागली ती थेट रस्त्याकडे. पिल्लाने धडपडत तिच्या शेपटीच्या बुडावर जागा घेतली आणि खवल्यांना घट्ट धरले. बसच्या चाकांपुढून, कुणाकडेही न बघता, मायलेकरे रस्ता ओलांडून पलीकडच्या दाट रानात गेली. थोडा वेळ पाचोळा वाजला. मग तेही थांबले.

गाडीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका बाईने डोळ्याला पदर लावला, इतकेच. झुंबर आणि रावजी पायवाटेने पाड्याकडे निघाले. पुढच्या आठवड्यात रावजीने नाशिकला येऊन गोडाऊन दाखवले, आणि तिथून पोतीच्या पोती खवले निघाले. सहादूला मेमो मिळाला, ताकीद मिळाली, नोकरी राहिली. त्यानंतर अकरा वर्षे तो त्याच रस्त्यावर होता. खवल्या त्याला पुन्हा कधी दिसला नाही.

पण ते सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी तो फुटबोर्डवर उभा राहून रस्त्याकडे पाहत होता. फुफाट्यात पंजांचे ठसे उठले होते आणि त्यांच्यामधून, काठी ओढत नेल्यासारखी, शेपटीची एक लांब रेघ गेली होती. केरूने इंजिन सुरू केले. मग काय वाटले कुणास ठाऊक, त्याने गाडी दोन हात मागे घेतली, स्टेअरिंग डावीकडे तोडले, आणि जिथे रेघ संपून टणक खडक लागत होता तिथून, डाव्या बाजूची चाके पार गवतात घालून, त्याने गाडी हळूच पुढे काढली.