दुसऱ्या ओळीतल्या कबरी

लोकांशी खरे बोलणे हा लोकशाहीचा पाया आहे. त्या संध्याकाळी केप मॅरो या आमच्या किनाऱ्यावरच्या गावाच्या बोलिंग क्लबात आम्ही हा पाया चहा, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आणि रंगीत टिकल्या यांवर रचला होता.

नगरपालिकेचा जनसंवाद अधिकारी या नात्याने टिकल्या वाटणे माझ्याकडे होते. माणशी तीन. समुद्र दफनभूमीचा कडा खात चालला होता आणि कड्यालगतच्या दोन ओळींतल्या कबरी हलवाव्या लागणार होत्या. नव्या जागांचे तीन कागद लावलेले. पसंत पडेल तिथे टिकली चिकटवायची. समुद्राला बांध घालावा का, हे विचारणारा कागदच नव्हता. बांध घालायचा नाही, हा ठराव मार्चमध्ये झाला होता. जाहीर तेवढा व्हायचा होता. कोणी विचारलेच तर "सर्व पर्याय खुले आहेत" असे म्हणावे, अशी मला लेखी सूचना होती.

विचारले मर्ल हॅनाफर्ड यांनी. वय एक्याऐंशी. नवरा डेस दुसऱ्या ओळीत, त्याच्या शेजारची जागा यांनी स्वतःसाठी राखलेली.

"गॅरथ, बांध होणार आहे का रे?"

"मिसेस हॅनाफर्ड, सर्व पर्याय..."

"तुला पोहायला मी शिकवलंय. तेव्हाही तू पाय तळाला टेकवून नुसते हात मारून दाखवायचास."

मागे हशा पिकला. चहाच्या बंबापाशी उभा असलेला नेव्ह म्हणाला, "सांगून टाक लेका. नोकरी गेली तर ये माझ्याकडे मेंढ्या कातरायला."

"मेंढ्यांनी काय पाप केलंय?" त्याची बायको ग्लेनिस म्हणाली.

मी टिकल्यांचा डबा खाली ठेवला. "नाही होणार. मार्चमध्येच ठरलंय."



"मग आम्हाला बोलावलंस कशाला?" मर्लबाईंनी विचारले.

"कबरी कुठे न्यायच्या, एवढंच ठरायचं राहिलंय. ते मात्र खरंच तुमच्या हातात आहे."

"रविवारी मी डेसला सांगून आलेय, बांध होणार म्हणून," त्या म्हणाल्या. "आता परत जाऊन सांगायला हवं."

पुढचे दोन तास लोक टिकल्या सोडून बोलले. ग्लेनिसने सांगितले की पहिल्या ओळीच्या टोकाला, दगड नसलेल्या जागी, तिचे जन्मतःच गेलेले बाळ आहे. एकोणतीस वर्षांत हे तिने चारचौघांत प्रथमच उच्चारले. नेव्हने बंब बंद केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसला.

शेवटी फुटबॉल मैदानामागची टेकडी ठरली. "तिथून त्याला सामने दिसतील," मर्लबाई म्हणाल्या. "समुद्र त्याला कधी आवडलाच नाही. मला आवडायचा म्हणून राहिला इथे." सगळ्यांचे हात वर गेले.

मला लेखी समज मिळाली. टेकडीचा ठराव मात्र नगरपालिकेने एकमताने मंजूर केला.

फेब्रुवारीत मातीच्या तपासणीचा अहवाल आला. टेकडीवर दोन फुटांखाली सलग खडक आहे. कबरीला सहा फूट लागतात.