दुसरं सॉकेट

दोन प्रोसेसरचा मदरबोर्ड घ्यायचा की एकाचा, यावर दादाशी माझा वाद कित्येक वर्षं चालला. दादा दोनाच्या बाजूने, मी एकाच्या. मग दादा वारला. वाद जिंकण्याची ही पद्धत मला पटलेली नाही, पण समोरच्याचं तोंड बंद होतं एवढं खरं.

आम्ही दोघं भाऊ घराच्या मागच्या खोलीत ॲनिमेशन करायचो. मी माणसं हलवायचो, दादा त्यांच्यावर उजेड पाडायचा. पोटासाठी टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात नाचवायचे आणि उरल्या वेळात आमची स्वतःची छोटी फिल्म. एक म्हातारी घर बदलते, एवढीच गोष्ट. शेवटचा प्रसंग राहिला होता: म्हातारी रिकाम्या खोलीत उभी राहते आणि मग दार ओढून घेते. दादा गेल्यावर वहिनींनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "भाऊजी, तेवढं पुरं करा."

जुनं मशीन दादाच्या आधीच गेलं होतं. नवं जुळवायला मी दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत, कारण तो पेशंट न तपासता औषध सांगे.

"एकाचा घ्या. तुमच्या वयाला पुरे," डॉक्टर म्हणाला.

"वय माझं आहे. काम कॉम्प्युटरला करायचंय."

"मग दोनाचा घ्या. दुसरा प्रोसेसर कधी बसवणार?"

"पुढे बघू."

"पुढे बघू म्हणणारी गिऱ्हाइकं पुढे दिसत नाहीत. आणि एक ऐका. अर्धा बोर्ड त्या दुसऱ्याच्या ताब्यात असतो. तो नसेल, तर त्याच्या बाजूची मेमरी असून नसल्यासारखी."

मी दोनाचाच घेतला. का, ते डॉक्टरला सांगितलं नाही.

घरी येऊन एक प्रोसेसर बसवला आणि मेमरीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना सारख्या वाटून लावल्या. या खोलीत सगळं तसंच वाटलं जायचं. हाताला ती सवय. चूक लक्षात आली ती मशीन सुरू केल्यावर, कारण अर्धीच दिसायला हवी असताना पडद्यावर सगळीच्या सगळी मेमरी हजर होती. दुसरं सॉकेट, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरची बैठक, रिकामं, त्यावर कंपनीचं काळं झाकण, आणि त्याच्या हाताखालचे सगळे कामावर. हा प्रकार मी कचेऱ्यांमध्ये पाहिलाय. कॉम्प्युटरमध्ये पहिल्यांदाच.

डॉक्टरला फोन केला.

"शक्यच नाही," तो म्हणाला.

"पण दिसतंय."

"मग बघू नका."

मी कामाला लागलो. चित्र पडद्यावर चौकोनाचौकोनाने भरत गेलं. म्हातारीचा चेहरा आला, आणि तिच्या डाव्या गालावर उजेड होता. पिवळसर, दबका. मी डावीकडे दिवा ठेवलाच नव्हता. फाइल पुन्हा उघडून पाहिली. दिवा एकच, उजवीकडे, खिडकीत.

वहिनी चहा घेऊन मागे उभ्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

"हे आले वाटतं," त्या म्हणाल्या. जिन्यात पावलं वाजली की म्हणायच्या, त्याच सुरात.

त्या दिवसापासून वहिनी खोलीतच बसू लागल्या. लायब्ररीतली नोकरी होती, तिकडे रजा टाकली. मशीनला त्या नळवाल्याची तक्रार सांगत, भाजी महागल्याचं सांगत, मध्येच "तुमचं आपलं नेहमीचंच" म्हणून रागवत. प्रसंग संपत आला की मला म्हणत, "थोडं पुन्हा करा ना, भाऊजी. दार जरा घाईत लागतंय." मी पुन्हा करायचो. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? त्या गालाकडे मीही बघत बसायचो.

मग लायब्ररीतून फोन आला: उद्यापासून या, नाहीतर दुसऱ्या कोणाला तरी घेतो.

"सांगा, जमणार नाही," वहिनी म्हणाल्या. "घरात माणूस आहे. त्यांना एकटं टाकून जाऊ कशी?"

त्यांचा चेहरा अर्धा झाला होता, ताटात सकाळची पोळी तशीच होती. मी उठलो आणि थेट डॉक्टरकडे गेलो.

"शेवटी आलात," त्याने दुसरा प्रोसेसर पुढ्यात ठेवला.

मशीन बंद करून गेलो होतो. परत येऊन ते उघडलं, तर रिकाम्या सॉकेटचं झाकण कोमट लागलं. मी हात मागे घेतला.

वहिनी वाकून बघत होत्या. "भाऊजी, दोघं मावतील का हो त्यात?"

"नाही वहिनी. जागा एकाचीच आहे."

"आणि हा बसला, की मी लायब्ररीत जायचं. असंच ना?"

त्यांनी ताप बघावा तसं बोट झाकणावर टेकवलं. बराच वेळ ठेवलं.

"जा आता," त्या म्हणाल्या. कोणाला, ते मी विचारलं नाही.

झाकण काढलं. आत बारीक पिना, एकही वाकलेली नाही. प्रोसेसर बसवला. मशीनने दोन मोजले, मेमरी तेवढीच दाखवली, आणि प्रसंग उन्हं उतरायच्या आत पुरा झाला. उजेड खिडकीतून आला, तिथूनच यायला हवा होता. म्हातारीने दार ओढलं.

"छान झालंय," वहिनी म्हणाल्या, चष्मा पुसला आणि लायब्ररीत फोन करायला बाहेर गेल्या.

मी एकेक फ्रेम थांबवून डावा गाल तपासला. अंधार होता, नियमाप्रमाणे. मग स्वतःच तिथे एक दिवा ठेवून बघितला. पिवळसर, दबका. तो मुद्दाम ठेवलेला दिसत होता. काढून टाकला.

"झालं का हो?" बाहेरून वहिनींनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि कोणीतरी नाही म्हणेल म्हणून थोडा वेळ थांबलो.