आजीच्या पोटातले दोन गोल

पैज लागली आन्सेल्मोच्या मटणाच्या दुकानासमोर. फुटपाथवर खुर्च्या टाकून आम्ही माते, आमचा तो कडू पाल्याचा चहा, पीत बसलो होतो. रविवारी आमच्या हिरव्यांचा फुटबॉलचा सामना त्रेस लागुनास गावी, तिथल्या लालांच्या मैदानावर.

समोरच्या फिलोमेना आजी म्हणाल्या, "लिसान्द्रोला एकदा तरी परक्या मैदानावर खेळताना बघायचं होतं मला. आता पोरगा स्पेनला खेळायला चालला. हा शेवटचा सामना."

लिसान्द्रो त्यांचा नातू, आमच्या हिरव्यांचा खेळाडू. आईबापामागे त्यांनीच वाढवलेला. पण मारामाऱ्या झाल्यापासून आपल्या अर्जेंटिनात पाहुण्या संघाच्या माणसांना मैदानात घेतात कुठे?

"मी नेतो," मी म्हणालो. "नुसतं नेत नाही, त्यांच्या क्लबच्या अध्यक्षाशेजारी बसवतो."

आन्सेल्मो खो खो हसला. "कोको, गेटवरच सालटं काढतील तुझं! बसवलंस ना, तर याच खुर्चीत आजींना बसवून खांद्यावरून चौकाला फेरी मारीन. आणि नाही जमलं, तर तुझ्या मिशा माझ्या सुरीने!"

"ठरलं."

माझी मेहुणी त्रेस लागुनासची. तिकिटं तिनेच काढली, लाल मफलरही दिले. आत तर गेलो, पण जागा कोपऱ्यात, समोर हा जाडजूड खांब.

"मला नातू बघायचाय रे, खांब नाही," आजी कुजबुजल्या.

"धीर धरा. मी सांगेन तेव्हा मधल्या पायऱ्यांवर जाऊन उभ्या राहायचं. कुणी हटकलं तर म्हणायचं, गुडघे धरलेत."

लाल झाले म्हणून काय, शकुन-अपशकुन पाळण्यात ते आमचेच भाऊ. गोल झाला तेव्हा जो जिथे असेल, त्याने तिथून हलायचं नाही. म्हणजे अध्यक्षाच्या रांगेपाशी आजी, आणि लालांचा गोल, एवढंच जुळायला हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी शत्रूच्या गोलसाठी देवाला हात जोडले! दोन-तीन खेपा वाया गेल्या. लाल पुढे सरकले की आजी पायऱ्यांवर, चेंडू बाहेर गेला की परत खांबामागे. शेवटी एका कॉर्नरला त्यांच्या उंटासारख्या उंच गड्याने डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात.

"कोणी हलू नका!" अध्यक्ष ओरडले. मग त्यांचं आजींकडे लक्ष गेलं. "आजी, तुम्ही उभ्या होतात ना इथे? आता सामना संपेपर्यंत इथेच! ए, खुर्ची द्या यांना."

"आणि मी जावई," मी पटकन शेजारी घुसलो.

काय ती जागा! खेळाडूंच्या शिव्यासुद्धा ऐकू येत होत्या. अध्यक्षांनी आजींना स्वतःच्या हाताने एम्पनादा, खिम्याची गरम करंजी, दिली, आणि टीव्हीचा कॅमेरा नेमका तेव्हाच आमच्यावर.

दुसऱ्या अर्ध्यात लिसान्द्रोने दोघांना चकवून चेंडू कोपऱ्यात घातला. बरोबरी! आजींनी मफलर तोंडात कोंबला. डोळ्यांतून धारा.

"रडू नका हो आजी," अध्यक्षांनी रुमाल दिला. "अजून वेळ आहे." मग मागे वळून स्वतःच्या मेव्हण्यावर खेकसले, "तूच मुतायला उठलास! अपशकुनी मेला!"

शेवटी शेवटी पुन्हा लिसान्द्रोच. लांबून हाणला, गोलकीपर बघतच राहिला. पोरगा धावत आमच्याच बाजूला आला, वर बघितलं आणि जागीच थिजला. आजी ओठ आवळून, लालबुंद होऊन बसलेल्या. त्याने हळूच स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

अख्खं मैदान पेटलं. "आम्हाला गप्प करतो? माजलाय!" पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. टीव्हीवालाही म्हणाला, उद्धट पोरगा. उद्धट कसला! आजीला सांगत होता, ओरडू नको गं, मारतील.

दोन विरुद्ध एक जिंकलो. अध्यक्षांनी आजींना गेटपर्यंत हात धरून सोडलं.

आन्सेल्मोने सगळं टीव्हीवर बघितलेलं, तेव्हा कुरकुर करायला तोंडच नव्हतं. पुढच्या रविवारी प्रार्थना सुटली, सगळं गाव चौकात, आणि दुकानातली खुर्ची खांद्यावर घेऊन हा बैल घामाघूम. वर फिलोमेना आजी, हिरव्या शालीत, राणीसारख्या. खाली लिसान्द्रो, बॅग भरून तयार, एका हाताने खुर्चीचा पाय धरून चालत होता.

चर्चसमोर आल्यावर आजींनी छाती भरून श्वास घेतला.

"गोऽऽऽऽऽल!"

कबुतरं उडाली. आन्सेल्मो कळवळला, "आजी, कान गेला माझा! उतरा आता."

"गप चाल," आजी म्हणाल्या. "अजून दुसरा आहे पोटात."