माझ्या पाठीतला आवाज

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. गेली बारा वर्षं एकाच भिंतीला टेकून उभा आहे. आमच्यातले म्हातारे बोलायला लागले की स्वतःचं कौतुक सुरू करतात. मला ते जमणार नाही. माझ्यामुळे एका भल्या बाईचं नाव खराब झालं. ते मनातून जात नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे मोजे घातलेल्या हातांनी माझ्या पोटात तारा जोडल्या, काच पुसून पुसून लख्ख केली. आवाज मात्र माझ्या पाठीत बसवला. चित्र पुढून, बोलणं मागून. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुकानात सहा महिने मी तेच ते रंगीत मासे दाखवत होतो. एके दिवशी एक नवं जोडपं आलं. नवऱ्याने रुंदी मोजली. बायकोने विचारलं, "याचा आवाज स्पष्ट आहे ना? खुनी काय पुटपुटतो ते कळलं पाहिजे." दुकानदार हसला. मी मात्र त्या क्षणी तिचा झालो.

तिला रहस्यमालिकांचं भारी वेड होतं, आणि मतं एकदम ठाम. पहिल्या भागात ज्याच्यावर संशय येतो तो निर्दोष. ज्याला खोकल्याची उबळ येते, तो तिसऱ्या भागाआधी मरणार. ज्या मालिकेत तपास करणारा एकदाही चुकत नाही, ती बघण्यात अर्थ नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की जो सगळ्यांशी गोड वागतो, शेवटी तोच निघतो. दहातल्या आठ वेळा तिचं खरं ठरायचं. ती टाळी वाजवायची आणि मी उगाच फुशारून जायचो, जणू त्या कथा मीच लिहिल्या होत्या.

पुढे तिला मुलगी झाली. सगळे तिला पिटुकली म्हणत. आई दातांच्या दवाखान्यात सकाळची नोकरी करायची, तेव्हा पिटुकलीला सांभाळायला एक मावशी येऊ लागल्या. केस पिकलेले, पण पावलं झपझप. पिटुकलीने हात वर केले की आधी हातातलं काम खाली पडायचं आणि मग मावशी दिसायच्या. साडेतीनला आई परतली की दोघी माझ्यापुढे बसत.

"तो शेजारी बघा मावशी. किती गोड बोलतोय. तोच."

"अहो ताई, गोड बोलला म्हणून काय सुळावर चढवायचा? तुम्ही न्यायाधीश झालात तर आमचं काही खरं नाही."

"लावा पैज."

"लावली. हरलात तर उद्याची भांडी तुमची."

बाबा कधी लवकर आले तर दारातूनच म्हणायचे, "घरात दोन फौजदार. मी आपला चहा करतो, मला तेवढं माफीचा साक्षीदार करा."

मावशींचंही एक मत होतं. त्या म्हणायच्या, "मला एकच पटत नाही ताई. चौथ्या भागापर्यंत ज्याला धरतात, त्याला मग सोडून देतात. तो घरी जाऊन काय करतो, ते कुणी दाखवत नाही."

"लोकांना कंटाळा येईल मावशी," आई म्हणायची.

दोघींचा एक करार होता. एकीशिवाय दुसरीने पुढचा भाग बघायचा नाही. हा करार नीट ध्यानात घ्या, मित्रांनो.

एका संध्याकाळी पिटुकलीच्या मांडीवर निळसर डाग दिसला. तो माझ्या टेबलाच्या कोपऱ्याचा होता. ती मला धरून उभी राहायची, घसरली की तिथेच आपटायची, आणि रडायचीसुद्धा नाही. मी रोज बघत होतो. आईने मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "लागलं असेल हो कुठेतरी. एका जागी ठरते का ही?"

आईने तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी वेगळ्या शब्दांत विचारला. तिसऱ्या दिवशी तिसऱ्याच. हे तिला कुणी शिकवलं, ते सांगायला नको. तिच्या डोळ्यांत तो मोठा नियम मला वाचता येत होता. या घरात सगळ्यांत गोड कोण?

चौथ्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी तिने एक जुना मोबाईल ध्वनिमुद्रणाला लावला आणि बरोबर माझ्या पाठीमागे उभा केला.

त्या दुपारी पिटुकली आतल्या खोलीत झोपली. मावशींनी कपड्यांच्या घड्या घातल्या. मग इकडेतिकडे बघितलं, जीभ चावली आणि मला लावलं. आदल्या दिवशी गोष्ट फारच अवघड वळणावर थांबली होती हो! पुढच्या भागात एक म्हातारी नातीला दरडावत होती. "रडलीस तर कोंडून ठेवीन. आईला सांगितलंस तर बघ." मागे पोरीचं मुसमुसणं. संगीत नाही, काही नाही. मी माझ्या पाठीतून, त्या मोबाईलच्या अगदी कानात, ते स्पष्ट बोललो. स्पष्ट बोलण्यासाठीच तर मला आणलं होतं.

आईने घरी येऊन न्हाणीघरात ते ऐकलं. पुढचं ऐकायची तिला हिंमत झाली नाही. आणखी मिनिटभर ऐकलं असतं तर मालिकेतल्या फौजदाराची गाडी आली असती आणि तो आवाज माझा आहे हे तिला कळलं असतं. पण आपलं लेकरू मुसमुसतंय असं वाटल्यावर कुठली आई पुढे ऐकेल?

ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. "मावशी, दुपारी काय केलंत ते मला कळलंय."

मावशींनी मान खाली घातली. "चुकलंच ताई. मन आवरलं नाही. परत नाही करणार."

"उद्यापासून येऊ नका."

मावशींना आधी थट्टाच वाटली. त्या हसल्या. मग आईचा चेहरा बघून म्हणाल्या, "एवढ्यासाठी?"

त्या शब्दाने सगळंच संपलं. आईने बोलायची संधी दिली नाही. पिटुकली हात वर करून दारापर्यंत धावली, तिला आईने मागे ओढलं. मावशी आणखी दोन घरी काम करायच्या. आईने तिथेही फोन केले. लेकरांचा प्रश्न आहे, सावध राहा म्हणाली. दोन्ही दारं बंद झाली. मी काळ्या काचेने सगळं बघत होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, की तो आवाज माझा होता. पण मला कुणी लावल्याशिवाय बोलता येत नाही.

नऊ दिवस मला कुणी हात लावला नाही. दहाव्या दिवशी, सुटीच्या दुपारी, बाबांनी मला लावलं. मालिकेच्या यादीत एका भागाखाली लाल रेघ पूर्ण भरलेली होती. म्हणजे तो भाग कुणीतरी पाहिलेला होता.

"हा तुम्ही बघितलात?" आईने विचारलं.

"मी? मला अजून मेलाय कोण, तेही माहीत नाही."

आईने रिमोट घेतला. तिने तो भाग लावला. बाराव्या मिनिटाला म्हातारी बोलली आणि आईने दोन्ही हात तोंडावर धरले. तेवढ्यात पिटुकली माझ्या टेबलाला धरून उभी राहिली, घसरली आणि कोपऱ्यावर आपटली. आईने तेही बघितलं. मित्रांनो, मी पुष्कळ गुन्हेगारांचे पकडले जातानाचे चेहरे दाखवलेत. इतका उघडा पडलेला चेहरा एकही नव्हता.

ती मुलीला कडेवर घेऊन तशीच मावशींच्या घरी गेली. दोन्ही घरी पुन्हा फोन केले. एका घराने ऐकून घेतलं. दुसरं म्हणालं, "असेल हो तुमचं खरं. पण आम्ही आता दुसरी बाई ठेवली."

मावशी परत कामाला आल्या. "पोरीची फार आठवण येत होती," एवढंच म्हणाल्या. टेबलाच्या कोपऱ्यांना आता कापसाच्या गाद्या बांधल्या आहेत. माझ्या काचेवर धूळ आहे, एका बाजूने चित्र हिरवं पडतं, पण त्याची मी तक्रार करत नाही.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. मला हवं तितकं बघा, पैजा लावा, खुनी ओळखा. माझ्यातली माणसं तासाभरात उलगडावीत म्हणूनच बनवलेली असतात. तुमच्या घरातली तशी नसतात. त्यांच्याबद्दल काही मनात आलं, तर मला बंद करा, समोर बसा, विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका.

आज दुपारी पिटुकलीने हात वर केले. मावशी दोन पावलांवर होत्या. त्या थांबल्या, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "घेऊ का ताई तिला?"

"असं काय विचारता मावशी," आई म्हणाली. कालही हेच म्हणाली होती. उद्याही तिला म्हणावं लागणार आहे.