बारीक अक्षर

अप्पांचा आवाज गेला त्या दिवशी त्यांच्या थोरल्या मुलीने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता: घरी नेताना गाडी गेटपाशी आणली तर चालेल का? घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं, हे ते समजावून सांगत होते आणि ती मान डोलावत होती. अप्पांनी तीस वर्षं बस स्थानकावर गाड्यांची घोषणा केली होती. त्यांचा आवाज बाकावर आडवं झालेल्याला खडबडून उठवायचा. आता ते टॅबवर लिहून बोलणार होते. थोरलीला रडू आलं नाही. येईल कधीतरी, म्हणत ती कामाला लागली.

ती प्रोग्रॅमर होती, त्यामुळे काम तिच्याच हातातलं होतं. एका सुट्टीत तिने अप्पांसाठी साधं अ‍ॅप बनवलं. ब्राउझरमध्ये एक पांढरं पान उघडायचं, त्यावर लिहायचं आणि टॅब समोरच्याकडे वळवायचा. अक्षरं काळी, ठसठशीत, सगळी एका मापाची.

घोटाळा तिथेच झाला.

"तुझ्याशी लग्न केलं हीच चूक झाली," असं अप्पा आईला आयुष्यभर म्हणत आले होते. छत्री विसरली की म्हणायचे, दूध उतू गेलं की म्हणायचे, आणि कधी उगाचच. 'चूक' म्हणताना असा काही हेल काढायचे की आईला हसू आवरायचं नाही. त्या सोमवारी आई औषधाची बाटली शोधत घरभर फिरली आणि बाटली तिच्या हातातच होती. अप्पांनी ते वाक्य लिहिलं, टॅब तिच्याकडे वळवला आणि हसायला तयार होऊन बसले. आईने वाचलं, बाटली टेबलावर ठेवली आणि आत निघून गेली.

त्यानंतर तीन दिवस अबोला. जेवण वेळेवर, औषध वेळेवर, पण शब्द नाही.

"अगं, चेष्टा केली त्यांनी," थोरली म्हणाली.

"कळतं मला." आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. "पण लिहिलेलं किती कोरडं दिसतं गं. नोटीस आल्यासारखं वाटलं."

गिऱ्हाइकाची तक्रार नोंदवून घ्यावी तसं थोरलीने हे ऐकून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

तिने ठरवलं ते असं. शब्दावर बोट दाबून धरलं की तो निवडला जाईल आणि त्याच्याजवळ एक छोटी पट्टी उगवेल. पट्टीत चार बटणं. ठळक म्हणजे ठासून, मोठं म्हणजे ओरडून, तिरकं म्हणजे चेष्टेने, आणि बारीक म्हणजे हळू आवाजात.

पट्टी उगवली, पण बटणाला बोट लागताच शब्दाची निवड सुटायची. माणसाचं लक्ष आता बटणाकडे गेलं, असं ब्राउझर धरून चालायचा. बोट टेकलं तरी लक्ष हलवू नकोस, एवढंच त्याला सांगायचं होतं. एका ओळीचं काम, पण ती ओळ सुचेपर्यंत दुपार गेली. मग टॅबची स्वतःची कॉपी-पेस्टची पट्टी नेमकी हिच्या पट्टीवर येऊन बसायला लागली, म्हणून हिची तिने शब्दाच्या खाली उतरवली. अप्पांची बोटं थरथरायची, म्हणून बटणं दुप्पट रुंद केली. चाचणीसाठी 'फलाट तीनवरची गाडी सुटत आहे' हे वाक्य तिने चाळीसएक वेळा ठळक केलं आणि परत साधं केलं. अप्पांच्या आवाजात ते कसं वाजायचं, हे तिच्या मनातही आलं नाही. बटण चालतंय की नाही, एवढंच ती बघत होती.

गुरुवारी तिने टॅब अप्पांच्या हातात दिला. त्यांनी आधी 'पाणी' हा शब्द पडदाभर मोठा केला. तिने पाणी आणून दिलं. मग बराच वेळ खटपट करून लिहिलं, 'पट्टी हुशार आहे. तुझ्यावर गेलेली दिसत नाही.' 'हुशार' तेवढं तिरकं होतं. हसायची जागा आहे हे ओळखून थोरली हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई दारातून विचारत होती, "अंघोळीचं पाणी काढू का?" तीन दिवसांत तिने अप्पांना विचारलेली ही पहिलीच गोष्ट. अप्पांनी टॅब घेतला. लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग ओळ निवडून त्यांनी एक बटण दाबलं आणि टॅब तिच्याकडे वळवला.

"काय लिहिलंय? इथून दिसत नाही," आई म्हणाली.

अप्पांनी टॅब पुढे केला नाही.

"अहो, मोठं करा ना. बटण दिलंय तिने."

अप्पांनी नकारार्थी मान हलवली. आई आत आली आणि पलंगाच्या कडेला टेकून पडद्यावर वाकली. वाचून झाल्यावरही ती तशीच वाकून होती.

"सरका जरा तिकडे," ती म्हणाली आणि पाय वर घेऊन बसली. नंतर दोघांचं काहीतरी चाललं होतं. आईही इतकी हळू बोलत होती की बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

थोरली बाहेर टेबलापाशी होती. चुका शोधता याव्यात म्हणून अप्पा लिहितील ती प्रत्येक ओळ लॅपटॉपवर साठवायची सोय तिने केली होती. म्हणजे ती ओळही आता इथेच होती, एका क्लिकवर. तिने फाइल न उघडताच पुसून टाकली आणि साठवण्याची सोयही काढून टाकली. आता तरी रडू येतंय का, याचा तिने अंदाज घेतला. आलं नाही.

दहा वाजता लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग सुरू झाली.

"घरी कसं आहे?" साहेबांनी विचारलं.

"ठीक आहे. बोलतायत दोघं," ती म्हणाली, आणि तिने आठवड्याच्या कामांची यादी उघडली.