एका मिनिटात मेलेला गिनीपिग

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीच्या कडेने खोकणारी माणसं, त्यांना धरून बसलेले नातलग आणि मंचावर श्वासगुरू. त्यांनी पिंजऱ्यातून एक गिनीपिग काढला, दोन्ही तळव्यांत धरला, वर शाल पांघरली आणि माझ्या दादाला त्यावर तीनदा श्वास सोडायला सांगितलं. रोग म्हणजे भाडेकरू, त्याला दुसरं घर दाखवलं की तो निघालाच, असं ते हसत हसत सांगत होते. मिनिटभराने शाल बाजूला झाली. गिनीपिग मेला होता. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. वहिनी रडत होती.

दादाची ही दुसरी खेप. पहिली माझ्यापासून लपवली होती. दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. क्षय निघाला तेव्हा मीच त्याला दवाखान्यात नेलं होतं. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी खोकला थांबला, अंगावर मांस चढलं. मग वहिनीने त्याला इथे आणलं. गुरूंची अट अशी, की आधी दोन महिने औषध घेऊन शरीर तयार करून यायचं आणि नंतर गोळीला हात लावायचा नाही. चार महिन्यांनी रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा वहिनीने तोंड उघडलं. मी लगेच थुंकी तपासायला दिली. अहवालाला वेळ होता. तेवढ्यात वहिनीने पुन्हा इथे यायचा हट्ट धरला, म्हणून मीही सोबत आले.

मी क्षयाच्या संशोधन केंद्रात प्राणिगृह सांभाळते. आमच्याकडच्या गिनीपिगांना क्षयाचे जंतू मोजून श्वासातून देतात. त्यांच्या शरीरातल्या पेशी जंतूंना कशा घेरतात, फुप्फुसात गाठी बांधून त्यांना कसं कोंडतात आणि कुठे हरतात, हे केंद्रातल्या डॉक्टरबाई तपासतात. त्या गाठी दिसायलाच तीन-चार आठवडे लागतात. रोज वजन मीच करते. जंतू दिल्यावर मिनिटात मेलेला प्राणी मी बारा वर्षांत पाहिलेला नाही.

गर्दी पांगल्यावर मंचामागच्या कचऱ्याच्या बादलीतून मी तो मेलेला गिनीपिग उचलला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तो उघडला. एकही गाठ नाही. मात्र बरगड्यांवर दोन्ही बाजूंना रक्त साकळलं होतं. डॉक्टरबाईंनी आपले अंगठे तिथे टेकवून दाखवले. छाती दाबून धरली की एवढासा जीव आवाजही न करता गुदमरतो.

पुढच्या सभेला आम्ही दोघी गेलो. डॉक्टरबाईंनी दोन फुप्फुसांची चित्रं उंच धरली, एक खरा क्षय झालेल्या गिनीपिगचं, एक बादलीतल्या गिनीपिगचं. मग मी एक निरोगी गिनीपिग मंचावरच्या टेबलावर ठेवला आणि गुरूंना म्हटलं, "शाल नको, हातही लावू नका. रोग्याला श्वास सोडू द्या."

गुरू म्हणाले, अविश्वासी माणसं समोर असली की शक्ती उतरत नाही. तरी एका म्हाताऱ्याने पुढे येऊन त्यावर श्वास सोडला. आम्ही अर्धा तास थांबलो. गिनीपिग टेबलाचा कोपरा हुंगत राहिला.

थोडे लोक उठून गेले. बाकीचे आमच्यावरच चिडले. आठवडाभरात गुरूंनी दुसऱ्या गावात सभा लावली आणि तिथेही गर्दी झाली.

दादाचा अहवाल आला. अर्ध्यावर सोडलेल्या गोळ्यांना जंतू आता दाद देत नव्हते. दुसरी औषधं सुरू केली, पण दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की एक फुप्फुस गेलंय, दुसरंही धड नाही.

संध्याकाळी दादाने विचारलं, "पण गुरूंकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मला बरं वाटलं होतं, ते खोटं होतं का गं?"

"नाही दादा. खरंच बरं वाटत होतं. ते गोळ्यांनी."

तो भिंतीकडे वळला. वहिनी दारातच उभी होती, तिने सगळं ऐकलं. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोललीच नाही. पाच आठवड्यांनी दादा गेला.

बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका, शेवटची गोळी पोटात जाईपर्यंत घ्या. आणि तुमचा रोग आपण दुसऱ्या जिवात घातला असं कुणी म्हणालं, तर तो जीव उघडून बघू द्या म्हणा. मी हे सांगत फिरते. ऐकणारे थोडे असतात.